मोर्चा नेमका कुणाच्या दारात न्यायचा?

पुण्यात मोर्च्यांच्या जागा ठरलेल्या आहेत. कुणी लिहून दिल्या नाहीत, पण ठरल्यात. पेन्शन, शेतमालाचा भाव, अंगणवाडी सेविकांचं मानधन असं काही असेल तर कलेक्टर कचेरी, पाणी-कचरा-खड्डे असतील तर महापालिका, एमपीएससीची पोरं असली की शास्त्री रोड, आणि नुसता निषेध करून घरी जायचं असेल तर गुडलक चौकातला कलाकार कट्टा किंवा बालगंधर्वसमोरचा झाशीच्या राणीचा पुतळा. माणूस कुठं उभा आहे त्यावरनं त्याला कुणाशी भांडायचंय ते कळतं, रिक्षावाल्यालाही कळतं, तो आधीच गल्लीतनं रिक्षा काढतो.

क्लायमेटच्या मोर्च्याचं मात्र हे कधी नीट जमलेलं मी पाहिलं नाही. पोरं उत्साहाने येतात, पोस्टरं तर इतकी भारी असतात की बघत राहावं, घोषणा दणदणीत, पण घोषणा कुणाला ऐकू जायला हव्यात हेच ठरलेलं नसतं. "सरकारने ठोस पावलं उचलावीत." बरं, कुठलं सरकार? दिल्लीचं, मुंबईचं, का शनिवारवाड्यापासून चालत जाता येईल असं शिवाजीनगरच्या नदीकाठचं? हे सगळं लिहायचं कारण म्हणजे माझी भाची. इंजिनिअरिंगला आहे, पुढच्या रविवारच्या रॅलीचं निवेदन लिहायचं काम तिच्याकडे आलंय आणि तिने मला "मावशी, मराठी जरा तपासून दे" म्हणून ते पाठवलं. मराठी ठीकच होतं (र्‍हस्व-दीर्घ सोडा), माझी अडचण पहिल्याच ओळीशी झाली. "प्रति, भारत सरकार, महाराष्ट्र शासन व पुणे महानगरपालिका."

मागे एकदा असंच एक निवेदन घेऊन आम्ही चारपाच जणी एका सरकारी कचेरीत गेलो होतो, कुठल्या ते राहू दे. आवक-जावकच्या टेबलावरच्या बाईंनी ते शांतपणे वाचलं, म्हणजे खरंच वाचलं, दोन्ही पानं, आणि विचारलं, "ताई, यातलं आमचं किती?" आम्ही एकमेकींकडे बघायला लागलो. कोळशावरची वीज कमी करा हे त्यांचं नव्हतं, पॅरिस कराराप्रमाणे उद्दिष्टं वाढवा हे तर नव्हतंच नव्हतं, सार्वजनिक वाहतूक सुधारा हे शेजारच्या बिल्डिंगमधल्यांचं होतं, झाडं तोडू नका हे त्यांचं अर्धं होतं. शेवटी शिक्का मिळाला, पोच मिळाली, आणि ते कागद ज्या गठ्ठ्यात गेले तिथनं बाहेर आल्याचं काही कानावर नाही. तरी त्या बाईंचा राग आला नाही मला. प्रश्न बरोबर होता.

आता तुम्ही म्हणाल की क्लायमेट चेंज हा विषयच असा आहे, अख्ख्या जगाचा, त्याला एक पत्ता कुठनं आणायचा. मान्य. पण मग २०१९ चा सप्टेंबर आठवून बघा.

२० सप्टेंबर २०१९, शुक्रवार. ग्रेटा थनबर्ग नावाची मुलगी त्याच्या आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये स्टॉकहोमला स्वीडनच्या संसदेबाहेर एकटी बोर्ड घेऊन बसली होती, आणि वर्षभरात त्याचं इतकं मोठं झालं की त्या शुक्रवारी एका दिवसात जगभरात चाळीस लाखांच्या आसपास लोक रस्त्यावर उतरले असा आयोजकांचा अंदाज होता. २३ तारखेला न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांची हवामान परिषद होती, तिच्यावर दबाव यावा म्हणून हे सगळं. २७ ला परत दुसरा शुक्रवार. त्या आठवड्यात पुण्यातही पोरं बोर्ड घेऊन रस्त्यावर आली होती, भाची तेव्हा शाळेत होती आणि तिच्या आईने तिला पाठवलं नाही म्हणून दोन दिवस फुगून बसली होती.

आणि या दोन शुक्रवारांच्या मधे, बुधवारी २५ तारखेला रात्री, आंबिल ओढा आला.

ज्यांनी ती रात्र बघितली नाही त्यांना सांगून खरं वाटणार नाही. कात्रजच्या तलावाकडनं निघून सहकारनगर, अरण्येश्वर, पर्वतीच्या पायथ्यानं दांडेकर पुलाकडे जाणारा हा ओढा, एरवी नाक दाबून ओलांडायचा, पेशवाईत त्याचा प्रवाह वळवला होता एवढीच त्याची ख्याती. त्या रात्री दोन-तीन तासांच्या पावसात तो सोसायट्यांच्या पहिल्या मजल्यापर्यंत गेला, सीमाभिंती पडल्या, टांगेवाले कॉलनीत भिंतीखाली माणसं गेली, गाड्या एकमेकींवर चढलेल्या, गोठ्यातली जनावरं दाव्यासकट वाहून गेली. पुण्यात आणि आसपास मिळून वीसच्या वर माणसं मेली. सकाळी मी पुलावरून बघत होते तर एक फ्रिज ओढ्यातल्या बाभळीत अडकलेला, आणि त्याच्या दारावर अजून लेकराच्या शाळेचं टाइमटेबल चिकटवलेलं.

ज्या हवामान बदलाबद्दल जग त्या आठवड्यात ओरडत होतं तो आमच्या ओढ्यातनं येऊन गेला होता. अर्थात एकट्या त्या रात्रीचं खापर कार्बनवर फोडणं बरोबर नाही. ओढ्याचं पात्र बुजवून, वळवून, भिंती घालून अरुंद कुणी केलं हे पुण्यात शेंबड्या पोरालाही माहितीय. पण हवा एक अंशाने तापली की तिच्यात साधारण ७ टक्के जास्त बाष्प मावतं हे साधं भौतिकशास्त्र आहे, आणि मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिमुसळधार पावसाच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या हे २०१७ मध्ये दाखवून दिलं ते आपल्याच पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी. म्हणजे अभ्यास पाषाणला झाला आणि पाणी अरण्येश्वरला घुसलं, मधलं अंतर स्कूटरवर अर्धा-पाऊण तास. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून इथं आलं म्हणून चौकाचं नाव सिमला ऑफिस चौक पडलेलं हे शहर. मान्सूनवरचे इतके तज्ज्ञ देशात दुसरीकडे कुठं एका गावात सापडणार नाहीत.

तर माझं म्हणणं असं की २७ तारखेचा तो दुसरा शुक्रवार दांडेकर पुलावर व्हायला हवा होता.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई तेव्हा दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत राहायच्या. त्यांचं घर गेलं नाही पण घरातलं सगळं गेलं, रेशन कार्ड, गॅसची शेगडी, पोराची दहावीची मार्कशीट. पंधरा दिवस त्या आमचे आणि आजूबाजूचे जुने कपडे, भांडी घेऊन जात होत्या आणि सरकारी पंचनाम्याची वाट बघत होत्या. मग कोविड आला. मग २०२१ च्या जूनमध्ये, ऐन पावसाळ्यात, ओढ्याचं पात्र सरळ करायचं म्हणून त्याच वस्तीतली घरं पाडायला पोलीस बंदोबस्तात बुलडोझर आले. २४ जून. बायका जेसीबीसमोर आडव्या झाल्या, टीव्हीवर दिवसभर तेच चालू होतं, शेवटी कोर्टाची स्थगिती आली तेव्हा काम थांबलं. त्या दिवशीच्या अख्ख्या बातम्यांत मी तरी 'क्लायमेट' हा शब्द ऐकला नाही. ना बाजूने ना विरोधात. पूर येतो म्हणून ओढा मोकळा करायचा, ओढा मोकळा करायचा म्हणून गरिबाला हलवायचं, हलवायचं कुठं ते नंतर बघू, आणि वरच्या अंगाला सोसायट्यांनी घातलेल्या भिंती आहेत तिथंच. जगभर ज्याला क्लायमेट जस्टिस म्हणून बोर्डावर रंगवतात ते यापेक्षा वेगळं काय असतं हे मला कुणीतरी समजावून सांगा.

ताईंना मी नंतर एकदा रॅलीला चला म्हणलं होतं. "रविवारी का? रविवारी चार घरी जास्तीची कामं असतात." विषय संपला.

म्हणून मला वेताळ टेकडीचं महत्त्व वाटतं. २०२३ च्या एप्रिलमध्ये सेनापती बापट रोडवर टेकडी वाचवायला जो मोर्चा निघाला त्यात हजारो लोक होते आणि बरेचसे असे की ज्यांनी आयुष्यात मोर्चा काढला नव्हता, सकाळी फिरायला जाणारे काका, कुत्रेवाले, पक्षी बघणारे, डॉक्टर, शाळेतली मुलं, कडेवर बाळ घेतलेल्या आया. त्यांना काय नको होतं ते स्पष्ट होतं: बालभारती ते पौड फाटा रस्ता नको, टेकडीखालून बोगदे नको. कुणाकडे मागायचं तेही स्पष्ट होतं. त्याच महिन्यात नदीकाठ सुधारच्या नावाखाली झाडं जाणार म्हणून झाडांना मिठी मारायचं 'चिपको' झालं. ४४ किलोमीटर नदीकाठ, हजारो कोटींचा प्रकल्प, बंडगार्डनच्या बाजूची झाडं. या दोन्ही वेळेला मी बघितलं की नगरसेवकपद नसलेले माजी नगरसेवकसुद्धा घाईघाईने येऊन फोटो काढून गेले. फोटो काढायला येणं हा आपल्याकडे मोर्चा चालल्याचा पहिला पुरावा असतो. तो रस्ताही काही लगेच झाला नाही, प्रकरण लांबलं, कोर्टात गेलं. लांबणं हासुद्धा निकालच असतो कधीकधी, निदान झाडाच्या दृष्टीनं.

त्या दिवशी गर्दीत चालताना माझ्या डोक्यात भलतंच चालू होतं, की आपण सेनापती बापटांच्या नावाच्या रस्त्यावर चाललोय. १९२१ च्या एप्रिलात रामनवमीला मुळशीच्या शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला, मग पांडुरंग महादेव बापट त्यात पडले आणि सेनापती झाले. जगातल्या पहिल्या धरणविरोधी आंदोलनांमधलं ते एक मानतात. हरलं आंदोलन. गावं बुडाली, धरण झालं, वीज मुंबईच्या गिरण्यांना आणि लोकलला गेली. आणि आता गंमत बघा (गंमत कसली), आजच्या हिशोबाने ती वीज 'ग्रीन' आहे. कोळसा नाही, धूर नाही, कार्बन नाही. मुळशीकर आज आंदोलनाला बसले असते तर कुणीतरी त्यांना क्लायमेट कृतीच्या आड येणारे म्हणलं असतं.

म्हणून "सरकारने क्लायमेटवर जोरदार कृती करावी" एवढंच म्हणून थांबायला मला भीती वाटते. सरकार जोरदार कृती करेल हो, करतंच. सह्याद्रीत पंप्ड स्टोरेजचे (पाणी वर चढवून ठेवायचं आणि लागेल तेव्हा खाली सोडून वीज करायची) प्रकल्प येतायत, राजस्थान-गुजरातेत हजारो एकर सोलर. माळढोकाचंच घ्या, आपल्याकडे सोलापूरजवळ नान्नजला त्याच्यासाठी अभयारण्य केलं पण पक्षी जवळजवळ दिसेनासाच झाला, आता उरलेत ते मुख्यतः राजस्थानात आणि तिथं सोलरच्या हायटेन्शन तारांना धडकून मरतात. या तारांविरुद्धच्या खटल्यात २१ मार्च २०२४ ला सुप्रीम कोर्टाने काय म्हणलं तर हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहणं हा नागरिकांचा हक्क आहे, घटनेच्या कलम १४ आणि २१ मधून येणारा. आपल्या देशात पहिल्यांदा इतकं स्पष्ट. आणि त्याच निकालात सौरऊर्जेची गरज म्हणून तारा जमिनीखालून न्यायचा आधीचा सरसकट आदेश सैल झाला. म्हणजे हक्क माणसाला मिळाला, पक्ष्याचा सौदा समितीकडे गेला. मी हे वाईट झालं म्हणत नाही, सोलर हवंच आहे. पण किंमत कोण देणार ते निवेदनात लिहा, नाहीतर ते दुसरं कुणीतरी ठरवतं.

मग आमच्या सोसायटीतले एक काका, जे प्रत्येक ग्रुपवर असतात तसे. रॅलीचं पोस्टर टाकलं की दहा मिनिटांत त्यांचा मेसेज. "अमेरिकेने करून ठेवलंय, आपण का भोगायचं? आधी त्यांना सांगा." आणि आकडा बरोबर असतो त्यांचा! माणशी कार्बन डायऑक्साइड बघितला तर अमेरिकन माणूस वर्षाला साधारण १४ टन, भारतीय २ टन, जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी. २०२१ ला ग्लासगोत पंतप्रधानांनी २०७० पर्यंत नेट झीरो (जेवढा कार्बन सोडू तेवढा शोषून घेऊ) म्हणून सांगितलं तेव्हा याच मुद्द्यावर सांगितलं आणि ते चूक नव्हतं. पण काका, ती २ टनांची सरासरी कुणाच्या जिवावर येते? आमच्या ताई दोन बस बदलून येतात, घरात एक पंखा. तुमच्या दोन गाड्या, चार एसी आणि वर्षातनं एकदा युरोप, हे सगळं ताईंच्या पंख्याच्या मागे लपतंय. अमेरिकेला सांगूच, पण ताईंच्या वाटणीचा आकडा स्वतःच्या खिशात घालून सांगू नका. (हे ग्रुपवर लिहिलं नाही, मेंटेनन्सच्या मीटिंगला त्यांच्या शेजारी बसायचं असतं.)

मोर्च्यांनी काय होतं, हा काकांचा दुसरा आवडता प्रश्न. तर होतं, पण मोर्च्याने एकट्याने नाही होत, त्याच्या मागे कागद लागतो. जर्मनीत २० सप्टेंबर २०१९ ला आयोजकांच्या म्हणण्याप्रमाणे १४ लाख लोक आले, त्याच दिवशी सरकारने हवामानाचं पॅकेज जाहीर केलं, पोरं म्हणाली हे फुसकं आहे. वर्षाअखेर कायदा झाला, पोरं कोर्टात गेली, आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने सांगितलं की २०३० नंतरचं काही न ठरवता सगळा भार तुम्ही पुढच्या पिढीवर ढकलताय, हे चालणार नाही. सरकारने कार्बन-तटस्थतेचं वर्ष २०५० वरून २०४५ वर आणलं. नेदरलँड्सच्या सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१९ मध्ये सरकारला आदेशच दिला की १९९० च्या तुलनेत निदान २५ टक्के उत्सर्जन २०२० संपेपर्यंत कमी करा. आणि मला सगळ्यात आवडतात त्या स्वित्झर्लंडच्या आज्ज्या. दोन हजारांवर म्हाताऱ्या बायका, म्हणाल्या उष्णतेच्या लाटेत आधी आम्ही मरतो, आणि ९ एप्रिल २०२४ ला युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात आपल्या सरकारविरुद्ध जिंकून आल्या. सदाशिव पेठेत अशा संघटनेला सभासद मिळायला अडचण येणार नाही असं वाटतं, भांडायची तयारी पिढीजात आहे, फक्त दुपारी एक ते चार सुनावणी ठेवू नये.

व्हानुआतूचं तर काय, पॅसिफिकमधला एवढासा देश, तिकडच्या लॉच्या विद्यार्थ्यांनी २०१९ ला डोक्यात घेतलं आणि जुलै २०२५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं की हवामानाचं रक्षण करणं ही देशांची कायदेशीर जबाबदारी आहे. मत आहे, आदेश नाही. पण तरी.

आपल्याकडे रिधिमा पांडे, उत्तराखंडची, नऊ वर्षांची असताना २०१७ मध्ये हरित लवादात गेली होती. २०१९ च्या सुरुवातीला लवादाने असलेले कायदे पुरेसे आहेत अशा अर्थाचं म्हणून अर्ज निकाली काढला. लवादाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यातच बसतं, कौन्सिल हॉलजवळ, मोर्च्यात आलेल्या निम्म्या पोरांना हे माहीत नसतं. मी विचारून बघितलंय.

घरचे घाबरतात हेही खरं आहे. माझी बहीण अजून घाबरते. २०२० मध्ये ईआयएच्या, म्हणजे प्रकल्पांचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते तपासायच्या नियमांच्या, नव्या मसुद्याला विरोध करणाऱ्या ईमेलचा पूर आला म्हणून ग्रेटाच्या शुक्रवारांतून उभ्या राहिलेल्या फ्रायडेज फॉर फ्यूचरच्या वेबसाइटला दिल्ली पोलिसांनी चक्क यूएपीए हा दहशतवादविरोधी कायदा लावून नोटीस काढली, मग चुकून लागलं म्हणाले. २०२१ च्या फेब्रुवारीत बेंगळुरूच्या दिशा रविला, बावीस वर्षांची पोर, शेतकरी आंदोलनाच्या टूलकिटवरून अटक झाली, दहा दिवसांनी जामीन मिळाला. मुंबईच्या आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी ऑक्टोबर २०१९ ला रात्रीतनं झाडं पाडायला सुरुवात झाली, विरोध करणाऱ्या २९ जणांना आत टाकलं, सुप्रीम कोर्टाने थांबवेपर्यंत दोन हजारांवर झाडं गेलेली. आईबापांनी हे टीव्हीवर बघितलेलं असतं. म्हणून पुण्यातले मोर्चे अतिशय शिस्तीत असतात, पोलिसांची परवानगी, रूट, किती लोक, माइक किती वाजेपर्यंत, शेवटी रस्ता झाडून घेतात पोरं. शहरात जमावबंदीचे आदेश अधूनमधून चालूच असतात त्यामुळे परवानगीशिवाय पाच जण बोर्ड घेऊन उभं राहणंसुद्धा अवघड होतं. शिस्त चांगलीच. पण इतकी शिस्त की कुणाचीच गैरसोय होत नाही, मग सिग्नलला थांबलेला माणूसही वाचत नाही.

परत त्या निवेदनाकडे. मी भाचीला म्हणलं, "प्रति" मध्ये एकच नाव लिही. ती चिडली. तिचं म्हणणं, "मावशी, तू सगळं वॉर्ड ऑफिसवर आणून ठेवतेस. जगाची तापमानवाढ दीड अंशाच्या वर गेली असं २०२४ हे पहिलं वर्ष, आणि मी नाल्याच्या भिंतीबद्दल लिहू?" मी म्हणलं हो, लिही. दिल्लीला जे सांगायचं ते वेगळ्या कागदावर, खासदाराच्या नावाने, त्यांना वीज आणि कोळसा विचारा. मुंबईला वेगळा, आमदाराच्या नावाने, एसटी-पीएमपीला पैसे किती ते विचारा. पण महापालिकेला जे द्यायचं त्यात फक्त तिचंच असू दे. निळ्या पूररेषेच्या आत राडारोडा कुणी टाकला. २०२४ च्या जुलैत खडकवासल्यातनं ३५ हजार क्युसेकच्या आसपास पाणी सोडलं तेव्हा एकतानगरीच्या लोकांना पहाटे झोपेत पाणी आल्यावर कळलं, तर आता भोंगा किती वाजता वाजणार आणि कोण वाजवणार. उन्हाळ्यात बांधकामावरच्या माणसांना दुपारी सुट्टी देण्याचं काय. अहमदाबादच्या महापालिकेने २०१० च्या उन्हाळ्यात माणसं मेल्यावर २०१३ ला उष्णतेचा आराखडा केला, देशातला पहिला, कुठल्या जागतिक परिषदेची वाट न बघता. साबरमतीचा नदीकाठ बघून आपण इथं तसाच काँक्रीटचा काठ आणतोय तर तिथली ही गोष्टही तितक्याच हौसेनं आणा, ही स्वस्त आहे.

आणि आता निदान मागायला माणूस आहे. २०२२ च्या मार्चमध्ये नगरसेवकांची मुदत संपली ती जवळजवळ चार वर्षं निवडणूकच नाही, सगळा कारभार प्रशासकाकडे, टेकडीचा मोर्चा आणि चिपको दोन्ही त्याच काळातले. नगरसेवक नावाचं दारच नव्हतं तेव्हा. २०२६ च्या जानेवारीत एकदाची निवडणूक झाली, नवीन लोक आलेत, अजून फ्लेक्ससुद्धा उतरले नाहीत सगळे. पावसाळ्याआधी त्यांना गाठायला हवं. झाडं तोडण्याच्या नोटिसा, विकास आराखड्यातले बदल, या सगळ्याला हरकती-सूचनांची मुदत असते आणि ती आपण स्टेटस टाकण्यात घालवतो. हजार माणसांच्या रॅलीत प्रत्येकाने मुदतीत एक सही केलेली हरकत दिली तर त्या कचेरीतल्या बाईंना विचारावं लागणार नाही की यातलं आमचं किती.

भाची अर्धीच पटली. म्हणाली मोठं कुणी बोललंच नाही तर छोटं कशाला मागायचं तेही लोक विसरतील, आणि ग्रेटासुद्धा वॉर्ड ऑफिससमोर बसली नव्हती. यावर माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं, फक्त एवढंच म्हणलं की संसदेसमोर बसली होती म्हणजे पत्ता तिलाही माहीत होता.

शेवटी तीन निवेदनं झाली. दिल्लीचं तिच्या भाषेत, भरपूर उद्गारचिन्हांसकट. महापालिकेचं माझ्याकडून, दीड पान, सगळं ओढ्याचं, भोंग्याचं आणि उन्हाचं. रॅलीचा रूट मात्र अजून संभाजी बागेपासून कलाकार कट्ट्यापर्यंतच ठेवलाय त्यांनी, दांडेकर पूल म्हणे लांब पडतो आणि तिथं सावली नाही. ग्रुपवर भांडण चालू आहे. कुणाला यायचं असेल तर सकाळी साडेआठ, टोपी आणि पाण्याची बाटली घरनं आणा, आणि महापालिकेच्या निवेदनाच्या दोन कॉप्या काढा, एक द्यायला आणि एक शिक्का मारून परत घ्यायला.